फॉन्ट, पॉइंट, डीपीआय : शिशाच्या खिळ्यांपासून युनिकोडपर्यंत

ऐकताना काही शब्द निसटतात, तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.

आजचा विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. संगणकावर मराठी लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक अनुभव असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी फाइल उघडावी, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा नुसता काला दिसावा. मग शेजारचा जाणकार सांगतो, ‘फाइल बरोबर आहे हो, तुमच्याकडे फॉन्ट नाहीये.’

आता गंमत बघा. इंग्रजी फाइलचं असं होत नाही. तिचा फॉन्ट नसेल तर अक्षरांचं वळण बदलतं, पण मजकूर वाचता येतो. मग मराठीचा फॉन्ट गेला की मजकूरच का जातो? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल. कारण फॉन्ट, पॉइंट, लेडिंग हे शब्द आपण रोज वापरतो, पण ते संगणकाचे नाहीतच. ते छापखान्यातून आले आहेत.

फॉन्ट म्हणजे वितळवलेलं

फॉन्ट या शब्दाचं मूळ फ्रेंच भाषेत आहे. वितळवणं, ओतणं या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला. काय वितळवायचं? तर शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू. आधी पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, हा झाला पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोलगट ठसा उठवायचा, हा झाला साचा. साच्यात धातूचा रस ओतला की एक खिळा तयार. आपल्याकडे टाइपला खिळा म्हणायचे आणि तो जुळवणाऱ्याला जुळारी किंवा कंपोझिटर.

एका वळणाचे, एका आकाराचे आणि एकाच जाडीचे सगळे खिळे मिळून एक फॉन्ट. म्हणजे १२ पॉइंटचा साधा हा एक फॉन्ट, १२ पॉइंटचा ठळक हा दुसरा आणि १४ पॉइंटचा साधा हा तिसरा. या सगळ्यांचं वळण एकच, म्हणून ते सारे एका टाइपफेसचे. संगणकावर एकाच आराखड्यातून हवा तो आकार मिळू लागला, म्हणून आज फॉन्ट आणि टाइपफेस हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो.

खिळे ठेवायच्या कप्प्यांच्या लाकडी ट्रेला केस म्हणत. इंग्रजी छापखान्यात मोठ्या लिपीची केस वर आणि छोट्या लिपीची खाली असायची. अपर केस आणि लोअर केस हे शब्द तिथूनच आले. दोन ओळींमध्ये अंतर पडावं म्हणून शिशाची पट्टी घालायचे. शिसं म्हणजे इंग्रजीत लेड, म्हणून ओळींमधल्या अंतराला लेडिंग. ‘लीडिंग’ नव्हे बरं का, लेडिंग!

आणि पॉइंट? ते खिळ्याच्या उंचीचं माप. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फूर्निए आणि दिदो यांनी ही मापं बसवली. पुढे देशोदेशी त्यात थोडाफार फरक राहिला. संगणकावर मात्र एक इंच म्हणजे बरोबर ७२ पॉइंट. १२ पॉइंटला पायका म्हणतात, म्हणजे एका इंचात सहा पायका.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॉइंट हे अक्षराचं माप नाही, खिळ्याच्या अंगाचं माप आहे. रोमन अक्षराला त्या अंगात ऐसपैस राहता येतं. देवनागरीला मात्र त्याच उंचीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार बसवायचे असतात. मग मूळ अक्षर आक्रसून घ्यावं लागतं. म्हणून एकाच ओळीत १२ पॉइंटचं इंग्रजी आणि १२ पॉइंटचं मराठी ठेवलं तर मराठी बारीक दिसतं. तुमच्या डोळ्यांचा दोष नाही तो.

खिळेच नव्हते, तेव्हाची मराठी

भारतात पहिला छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली. जेझुइट मिशनऱ्यांनी तो आणला. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ राशोल इथे छापलं गेलं. हजारो ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, पण छापला तो रोमन लिपीत. कारण देवनागरी खिळे नव्हते. स्टीफन्स यांनी मराठीच्या ध्वनींसाठी रोमन अक्षरांची एक ठरावीक जुळणी वापरली आणि काम चालवलं. मराठीने रोमन कपडे घातले, ते असे. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

देवनागरी खिळ्यांनी मराठी पुस्तक छापायला त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं गेली, आणि तेही घडलं बंगालमध्ये. श्रीरामपूरच्या मिशनमध्ये पंचानन कर्मकार आणि पुढे त्यांचे जावई मनोहर यांनी भारतीय लिप्यांचे खिळे पाडले. तिथेच १८०५ साली विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं.

मुंबईत हे काम अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पुढे गेलं. तिथे थॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे सुधारले. याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा मुलगा खिळे घासायच्या कामाला होता. पुढे त्याच जावजींनी निर्णयसागर उभा केला. निर्णयसागरचं वळण इतकं देखणं होतं, की संस्कृत ग्रंथांसाठी त्या छापखान्याचं नाव देशभर झालं.

पण अडचण होतीच. इंग्रजीचं काम मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे आणि विरामचिन्हं धरून शंभराच्या आसपास खिळ्यांत भागतं. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा लागलेली अक्षरं धरली की काही शे खिळे होतात. जुळाऱ्याच्या समोर केसांची भिंतच उभी. वेळ जास्त, खर्च जास्त, चुका जास्त.

म्हणून खिळे कमी करायचे प्रयत्न सतत चालू राहिले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी या प्रश्नात लक्ष घातलं होतं. सावरकरांनी तर लिपीच सुटसुटीत करायचा आग्रह धरला. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं नकोत, अ लाच वेलांटी आणि उकार द्या, ही त्यांची ‘अ ची बाराखडी’. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक चाळलेत तर हे वळण दिसेल. यंत्राला झेपत नाही म्हणून लिपीने बदलावं, की लिपीला झेपेल असं यंत्र करावं? हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

टिंबांचा छापखाना

आता प्रिंटरकडे येऊ. बँकेत पासबुक भरताना करकर आवाज करणारा प्रिंटर आठवतोय? तो डॉट मॅट्रिक्स. त्याच्या डोक्यात बारीक सुया असतात. त्या शाईच्या फितीवर आपटतात आणि कागदावर टिंबं उमटतात. आपटून छापत असल्यामुळे कार्बन प्रतीही निघतात, म्हणून तो अजून टिकून आहे.

सुरुवातीच्या लोकप्रिय डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये नऊ सुया एकाखाली एक असत. एप्सनचा १९८० सालचा एमएक्स-८० हा त्यातलाच. म्हणजे एका फेरीत अक्षराच्या उंचीला टिंबं मिळणार नऊ. इंग्रजीला तेवढी पुरतात. आता ‘र्की’ हे अक्षर नऊ टिंबांत बसवून बघा. शिरोरेघ, तिच्या वर वेलांटीचा गोल आणि रफार, खाली क चा देह. सगळं एकमेकांत मिसळून जातं. शिवाय या प्रिंटरच्या पोटात कायमची कोरलेली अक्षरं असायची रोमन. संगणकाने फक्त ‘ए छाप’ म्हटलं की काम व्हायचं. मराठीला ही सोय नव्हती. मराठी ओळ चित्र म्हणून, टिंबाटिंबाने पाठवावी लागे. त्यामुळे छपाई संथ व्हायची. पुढे २४ सुयांचे प्रिंटर आले, तेव्हा मराठी अक्षर जरा माणसात आलं.

इथेच डीपीआय समजून घेऊ. डीपीआय म्हणजे एका इंचात किती टिंबं. एचपीचा लेझरजेट १९८४ साली आला आणि अॅपलचा लेझररायटर १९८५ साली. दोन्ही ३०० डीपीआयचे. म्हणजे एका चौरस इंचात ३०० गुणिले ३००, तब्बल ९०,००० टिंबं. १२ पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा भाग, तेव्हा त्या उंचीत ५० टिंबं मिळाली. कुठे नऊ आणि कुठे पन्नास!

लेझर प्रिंटरची कल्पना त्याआधीची. झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी ती १९७०च्या दशकात प्रत्यक्षात आणली. लेझरचा किरण एका दंडगोलावर विजेच्या भाराने अदृश्य चित्र काढतो, त्याला टोनरची पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि उष्णतेने वितळून पक्की बसते. इथेही वितळणं आहेच.

पण टिंबं वाढली तरी एक प्रश्न उरला. प्रत्येक आकारासाठी प्रत्येक अक्षराची टिंबं साठवायची का? अशा टिंबांच्या फॉन्टला बिटमॅप फॉन्ट म्हणतात. तो मोठा केला की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. यावर उपाय म्हणजे आउटलाइन फॉन्ट. यात टिंबं साठवत नाहीत, तर अक्षराच्या कडेचं गणित साठवतात. त्यातल्या वक्ररेषांना बेझिए वक्र म्हणतात. पिएर बेझिए हे रेनो या मोटार कंपनीतले अभियंते. गाडीच्या पत्र्याचं वळण आखण्यासाठी त्यांनी वापरलेलं गणित पुढे अक्षरांच्या कामी आलं. अडोबीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली आणि प्रिंटरला असं गणित समजू लागलं. अॅपलने १९९१ साली ट्रूटाइप आणला. विंडोजवर तो १९९२ पासून मिळू लागला.

पेजमेकर हे पान लावायचं सॉफ्टवेअर १९८५ साली आलं होतं. संगणक, पेजमेकर आणि लेझर प्रिंटर, या तिघांतून डीटीपीचा धंदा उभा राहिला. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली ‘डीटीपी व झेरॉक्स’च्या पाट्या लागल्या, आणि केसांसमोर उभं राहून खिळे जुळवणाऱ्यांचं काम संपत गेलं.

वरून मराठी, आतून रोमन

आणि इथे आपल्या मूळ प्रश्नाची गाठ पडते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. मोठ्या ए साठी ६५, बी साठी ६६, असं इंग्रजीचं आधीच ठरलेलं होतं. फॉन्टचं काम एवढंच, की ६५ हा आकडा आला की ए चा आकार दाखवायचा. म्हणजे इथे दोन गोष्टी आहेत. एक, फाइलमध्ये साठवलेला आकडा, म्हणजे मजकूर. दुसरी, पडद्यावर दिसणारा आकार, ज्याला ग्लिफ म्हणतात. शिशाच्या खिळ्यात या दोन्ही एकच होत्या. संगणकाने त्या वेगळ्या केल्या.

मराठीच्या बाबतीत काय झालं? तेव्हाच्या साध्या फॉन्टमध्ये जागा असायच्या २५६. त्यातल्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवले. संगणकाला वाटतंय आपण इंग्रजीच लिहितोय, आणि पडद्यावर मात्र मराठी! उदाहरण घ्या. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ लिहायचं तर कळा दाबायच्या ई, जे, के, मोठी बी आणि एच. फाइलमध्ये साठतात ती हीच पाच रोमन अक्षरं. कृतिदेव असेल तर दिसतं ‘मराठी’, नसेल तर दिसतात ती पाच अक्षरं. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये आकारांच्या जागा वेगळ्या, त्यामुळे तो लावला तर तिसरंच काहीतरी.

हा खरं तर संगणकाच्या पोटातला टाइपरायटर होता. टाइपरायटरला भाषा कळत नाही, तो फक्त आकार उठवतो. ‘हि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी वेलांटीची कळ, मग ह ची. या फॉन्टांमध्येही तसंच. बोलताना आधी ह आणि मग इकार येतो, याच्याशी यंत्राला काही घेणंदेणं नव्हतं.

आता १६१६ आठवा. ‘क्रिस्तपुराण’ बाहेरून रोमन होतं, पण आत मराठी होती. ती जुळणी एकदा समजली की चारशे वर्षांनंतरही ते वाचता येतं, आणि ते पुढे देवनागरीत आणलंही गेलं. नव्वदच्या दशकातली फाइल नेमकी उलटी. बाहेरून देखणी देवनागरी, पण आत मराठीचा पत्ताच नाही. आकार दाखवणारा फॉन्ट हरवला की उरतो निरर्थक काला.

यात कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. तेव्हा काम होतं कागदावर छान छापून देण्याचं, आणि या फॉन्टांनी ते चोख केलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं, कथासंग्रह सगळं त्यातून निघालं. फाइल हे तेव्हा साधन होतं, दस्तऐवज होता कागद. पुढे फाइलच दस्तऐवज झाली, लोक कागदाऐवजी शोधपेटीत शोधू लागले, आणि घोटाळा उघडा पडला. एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेत तुमच्या आजोबांवर लेख असेल, त्याची पीडीएफ इंटरनेटवर असेल, डोळ्यांना सुंदर दिसतही असेल. पण आजोबांचं नाव देवनागरीत टाइप करून शोधलं तर ती सापडणार नाही. कारण त्या फाइलमध्ये ते नाव नाहीच, त्याचं सोंग आहे.

आकार नको, अक्षर साठवा

याला दुसरा रस्ता होता, आणि तो आपल्याकडेच शोधला जात होता. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र विकसित झालं. पुण्यात १९८८ साली सीडॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे आलं. त्यातली कल्पना अशी, की आकार साठवायचे नाहीत, अक्षरं साठवायची, आणि तीही उच्चाराच्या क्रमाने. आधी ह, मग इकार. वेलांटी डावीकडे दाखवायची, हे काम यंत्राचं. या विचाराला इस्की नावाने १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली.

त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला आकडा. त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली होती. आता मराठी म म्हणजे म, कुणाच्या जागेवर उसना बसलेला नाही.

इथे खिळ्यांचा जुना प्रश्नही सुटला. ‘क्ष’ साठी युनिकोडमध्ये वेगळा आकडा नाही. क, हलन्ताचं चिन्ह आणि ष असे तीन आकडे साठतात, आणि त्यांचा एकच आकार करून दाखवण्याची जबाबदारी फॉन्टची. ओपनटाइप या १९९६ साली जाहीर झालेल्या पद्धतीने फॉन्टला हे नियम शिकवता येऊ लागले. शेकडो जोडाक्षरं आता कळफलकावर लागत नाहीत, ती फॉन्टच्या पोटात असतात. लिपी न बदलता यंत्र बदललं.

विंडोज २००० बरोबर मंगल हा फॉन्ट आला. सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी तो घडवला. आज आपण मंगलला ‘साधा’ म्हणून नाक मुरडतो. पण असंख्य संगणकांवर काहीही न बसवता मराठी दिसू लागली, ती त्याच्यामुळे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला तो युनिकोडच्याच पायावर.

सगळं आपोआप झालं असं मात्र नाही. तऱ्हा, दऱ्या यांतला खास मराठी अर्धा र टिकवावा लागला. ॲ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी अ लिहून वर चंद्र द्यावा लागायचा, आणि अजूनही अनेक जण तसंच लिहितात. दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी रूपं आहेत, त्यामुळे शोधताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा. तिथे आकडा हिंदी-मराठीचा एकच, वळण ठरवतो फॉन्ट. म्हणून फॉन्ट बदलला की ल चं रूप बदलतं, पण मजकुराला धक्का लागत नाही. आता फरक लक्षात आला ना?

मग आपण काय करायचं?

तीन साध्या गोष्टी. पहिली, तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स असतील तर फॉन्टचं नाव आत्ताच लिहून ठेवा आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तक मिळतात. पण कोणता फॉन्ट होता हे माहीत नसेल तर ते अडखळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला. मध्येच आलेले इंग्रजी शब्द आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

दुसरी, छापखान्याकडून पीडीएफ घेताना तिच्यातला एखादा शब्द कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. देवनागरी उमटली तर मजकूर जिवंत आहे. काला उमटला तर तुमच्या हातात फक्त चित्र आहे असं समजा, आणि युनिकोडमधली प्रत मागा.

तिसरी, कागद टाकू नका. फाइल वाचता येत नसेल आणि छापील प्रत हाताशी असेल, तर मजकूर परत मिळवायचा तोच खात्रीचा मार्ग.

देवनागरी खिळे मिळायला मराठीला जवळपास दोन शतकं थांबावं लागलं. स्वतःचे आकडे मिळाले ते तर काल-परवा. मधल्या वीसेक वर्षांत जे लिहिलं गेलं, ते त्या देखण्या फॉन्टांच्या आड अडकून पडलं आहे. ते बाहेर काढायचं काम कुठलं एक खातं किंवा एक कंपनी करू शकणार नाही. ते ज्याच्या त्याच्या कपाटात आणि ज्याच्या त्याच्या संगणकात आहे.

तुमच्याकडे अशा जुन्या फाइल्स निघाल्या तर कोणत्या फॉन्टमधल्या निघाल्या ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वाचत राहा, ऐकत राहा.